दुखणं अंगवळणी पाडू नका

सणसर, भवानीनगर, काटेवाडी या पट्ट्यात पहाटे फिरायला निघणाऱ्या बायकांत आता सायकलीही दिसतात. कुणी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने जातं, कुणी छत्रपती कारखान्यापर्यंत जाऊन मागे वळतं, एखादी धीराची बेलवाडीपर्यंत मजल मारते. यातल्या कितीतरी जणी महिन्याभरात सायकल भिंतीला लावतात आणि पुन्हा पायी चालू लागतात. कारण विचारलं तर वेळ मिळत नाही, गुडघा धरतो, पहाटे कुत्री अंगावर येतात अशी उत्तरं येतात. कुत्र्यांचं खरंच आहे. पण आसपास पुरुषमाणूस नाही हे बघून, शेजारी बसून विचारलं की मूळ उत्तर बाहेर पडतं. बसायला दुखतं. मांड्यांच्या सांध्यात काचतं. घरी येऊन लघवीला बसलं की आग होते.

यावर एक साधा उपाय आहे. बायकांच्या मापाची, आतून पॅड शिवलेली सायकलिंगची शॉर्ट. पण तिचं नाव काढलं की चारी बाजूंनी विरोध सुरू होतो. ‘वहिनी, तुम्हाला काय शर्यत जिंकायचीय का?’ ‘आमच्या आज्जीने लुगड्यात सायकल मारली, तिला कुठं काय झालं?’ ‘चार दिवस दुखेल, मग सवय होईल.’ ‘मऊ सीट टाकून घ्या, शंभर-दोनशेत काम होतं.’ आणि शेवटी, आवाज खाली आणून, ‘असलं तंग घालून गावातून जाणार?’ बोलणारे वाईट नाहीत. बरेचसे आपल्याच घरातले, आपल्या भल्याचं बोलणारे. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं, कारण त्यांच्या या समजुतीपायी बायका सायकल सोडतात.

पहिली गोष्ट शर्यतीची. पॅडची शॉर्ट म्हणजे शर्यतवाल्यांचा पोशाख, हौसेने पाच-दहा किलोमीटर फिरणाऱ्या बाईला तिची काय गरज, असं म्हणतात. यामागे एक गृहीतक आहे की जो जोरात सायकल मारतो त्यालाच सीट जास्त लागते. प्रत्यक्षात बऱ्याच अंशी उलट घडतं. शर्यतवाला पेडलवर सतत जोर देतो, त्यामुळे अंगाचा बराच भार पायांवर जातो. काही हातांवर येतो. चढ आला की तो उभा राहतो. सीटवर तो टेकलेला असतो, बसलेला नसतो. हौसेने फिरणारी बाई मात्र निवांत पेडल मारते, गप्पा मारत जाते, उभी राहत नाही. तिचं जवळपास सगळं वजन सीटवर असतं आणि तिथून हलत नाही. तासभर एका जागी बसणारं शरीर तिचं आहे. मग आराम कुणाला जास्त हवा?

दुसरं, ही शॉर्ट मुळात गादी म्हणून जन्मलीच नाही. जुने युरोपी सायकलपटू लोकरीच्या चड्ड्या घालत, आणि त्यांना आतून शॅमॉय नावाच्या डोंगरी, शेळीसारख्या प्राण्याचं मऊ कातडं शिवत. ते कातडं पातळ असे. त्याचं काम शिवण अंगाला लागू न देणं आणि कातडीवर कातडी घासू न देणं. पुढे लायक्रा आलं, कातड्याच्या जागी कृत्रिम कापड आणि फोम आला, पण मूळ काम तेच राहिलं: घर्षण थांबवणं, घाम शोषून बाहेर सोडणं. घाम आणि घर्षण यांना तुम्ही स्पर्धक आहात की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि सकाळी सातलाच अंग भिजतं. अशा हवेत सुती चड्डी, तिच्या जाड कडा आणि वरून लेगिंग्जची मधली शिवण, या सगळ्यावर वजन टाकून तास काढायचा म्हणजे जांघा सोलवटणारच.

आता आज्यांचा मुद्दा. हा भावनेचा मुद्दा आहे आणि मला त्याचा आदर आहे. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेतून हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात म्हणून त्यांनी दांडा असलेल्या जेन्ट्स सायकली घेतल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. त्या बायकांनी कुठे पॅड घातले होते, असं कुणी विचारलं तर मी मान्य करेन की नव्हते घातले. पण त्या काळची सायकल आठवा. उंच हँडल, ताठ बसायची ढब, रुंद चामड्याची सीट आणि तिच्याखाली जाड स्प्रिंगा. ताठ बसलं की भार मागच्या बाजूच्या दोन हाडांवर येतो, म्हणजे आपण पाटावर बसतो तेव्हा टोचतात त्या बैठकीच्या हाडांवर. भार पेलण्यासाठीच ती हाडं आहेत. शिवाय फेऱ्या बहुतेक छोट्या, कामाच्या, मधे मधे उतरण्याच्या.

आज आपल्या घरात बाईच्या वाट्याला कोणती सायकल येते? बहुतेक वेळा मुलाची. त्याने दहावीत हट्टाने घेतलेली गिअरची सायकल, तो हॉस्टेलला गेला की आईकडे येते. तिची सीट अरुंद, कडक, पुरुषाच्या मापाची. हँडल लांब आणि खाली. आईला पुढे वाकावं लागतं, आणि वाकलं की भार मागच्या हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर सरकतो. तिथे हाड नाही. तिथे मांस आहे, रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत. आज्जीची सायकल आणि नातसुनेची सायकल एकच आहे असं धरून दिलेला दाखला लागू पडत नाही. आणि एक लक्षात घ्या, लेडीज सायकल हीच मुळी बाईच्या अंगाचा आणि कपड्याचा विचार करून बदललेली सायकल आहे. खाली आणलेला दांडा, पूर्ण चेनकव्हर, मागच्या चाकाला जाळी. लुगडं अडकू नये म्हणून कुणीतरी वाहन बदललं, तेव्हा त्याला कुणी चोचले म्हटलं नाही.

‘सवय होईल’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य आहे. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते टिकून आहे. नवीन सायकल चालवणाऱ्याला पहिले काही दिवस बैठकीची दोन हाडं दुखतात, हात लावला तर ठणकतात. हे दुखणं थोडं थोडं अंतर वाढवत नेलं तर खरंच कमी होतं. पण पुढच्या भागात येणारा बधिरपणा, मुंग्या, सूज, घासून उठलेला पुरळ, लघवीच्या वेळची जळजळ यांची सवय होत नाही. नसांवर दाब पडतोय, रक्त अडतंय, कातडी फाटतेय असं शरीर सांगत असतं. ते दामटून पुढे जाणं म्हणजे इजा वाढवणं.

याचा पुरावा जिंकणाऱ्या बायकांकडूनच मिळतो. ब्रिटनच्या महिला सायकल संघातल्या खेळाडू वर्षानुवर्षं, दिवसाचे तासनतास सायकलवर असतात. सवय कुणाला व्हायला हवी तर त्यांना. पण त्यांनाही सीटच्या फोडांनी इतकं हैराण केलं होतं की २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी संघाच्या वैद्यकीय पथकाने खास तज्ज्ञ बोलावून या एकाच विषयावर काम केलं. त्यातून निघालेला एक सल्ला असा की तिथले केस काढू नका, ते कातडीचं रक्षण करतात. तो सल्ला पाळल्यावर फोडांचा त्रास लक्षणीय कमी झाला. त्याच देशाची पॅरालिंपिक सायकलपटू हॅना डाइन्स हिने २०१९ मध्ये उघडपणे लिहिलं, की वर्षानुवर्षं सीटचा दाब सोसून तिच्या योनीच्या बाहेरच्या भागात कायमची सूज आली आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. जगातल्या उत्तम खेळाडूंना ज्याची सवय झाली नाही, ते रोज कारखान्यापर्यंत जाणाऱ्या वहिनींना अंगवळणी पडेल असं कशावरून म्हणायचं?

आणि एवढं उशिरा हे का कळलं? ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६ मध्येच झाली. बायकांची आली १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. इतका मोठा काळ सीटा, चड्ड्या, मापं सगळं पुरुषांच्या अंगावर ठरत गेलं. बाईला दुखतं म्हणजे बाईच नाजूक, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं, आणि आजही आपण तोच काढतो.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीला धोतरांच्या पायघड्यांवरून जाते, मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मुक्काम सणसरला पडतो. त्या रात्री गावातली माणसं वारकऱ्यांच्या पायांना तेल लावतात, फोडांवर मलमपट्टी होते, तुटल्या चपलांना टाके घातले जातात. पंचवीस वर्षं वारी करणाऱ्या माऊलीलाही कुणी म्हणत नाही की तुमच्या पायांना आता सवय झाली असेल. चालणाऱ्याचे पाय जपायचे असतात हे ज्या गावाला इतकं नीट कळतं, त्या गावाला सायकलवर बसणारीचं अंग जपायला हवं हे कळायला अवघड जाऊ नये.

मऊ सीटवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांना दुखणं मान्य आहे, उपाय चुकीचा आहे. जेलचं कव्हर किंवा डनलॉपसारखी फुगीर सीट पहिल्या फेरीत छान वाटते. पण फार मऊ वस्तूत हाडं खोल बुडतात आणि त्यांच्या मधला मऊ भाग वर येऊन दाबला जातो. जिथे भार नको तिथेच जास्त येतो. पॅडचंही तसंच आहे, आणि दुकानात बायकांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. सगळ्यात जाड पॅड सगळ्यात आरामाचा असं समजून घेतला जातो. जाड, लिबलिबीत पॅड उन्हाळ्यात ओल्या बोळ्यासारखा होतो, मांड्यांत गोळा होतो आणि घासतो.

मग कसा बघायचा? शॉर्ट उलटी करा. पॅड तळहातावर ठेवून, बैठकीची हाडं जिथे येतील तिथे अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा थोडा आत जायला हवा आणि सोडल्यावर पॅड लगेच वर यायला हवा. खालच्या बोटाला अंगठा स्पष्ट जाणवला तर तो फोम महिन्यात चपटा होणार. आता मधोमध बोट फिरवा. पॅडच्या मध्यावरून उभी शिवण जात असेल तर ती शॉर्ट तिथेच ठेवून द्या, कितीही स्वस्त असली तरी. कडांवर बोट फिरवा. पॅड कडेला पातळ होत कापडात मिसळायला हवा, पायरीसारखा तुटता कामा नये, कारण ती पायरी मांडीच्या सांध्यात करवतीसारखी चालते. पॅडचा आकार बघा. बायकांच्या पॅडची मागची बाजू रुंद असते, कारण बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं. पुढचा भाग आखूड आणि सपाट असतो. पुरुषांच्या पॅडला पुढे खोलगट जागा ठेवलेली असते, बाईच्या अंगाला ती नुसतीच चुणी पडून काचते.

म्हणूनच ‘लेडीजमध्ये येत नाही ताई, जेन्ट्सची छोटी साइज घ्या, सेमच असतं’ हे दुकानदाराचं उत्तर मान्य करू नका. मलाही तालुक्याच्या गावी ते मिळालं आहे आणि तशी घेतलेली शॉर्ट पंधरा दिवसांत फडक्यात गेली. सेम नसतं. कंबर, नितंब आणि मांडी यांचं प्रमाणच वेगळं असतं. छोटी घेतली तर मांडीला करकचते, मोठी घेतली तर पॅड अंगापासून सुटतो आणि सरकतो. सरकणारा पॅड नसलेल्या पॅडपेक्षा वाईट.

आपल्या हाडांचं अंतर किती हे घरीच कळतं. पन्हळी खोक्याचा पुठ्ठा ओट्यावर किंवा पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, किंचित पुढे वाका, मग उठून दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा. त्यावरून सीट निवडता येते आणि पॅडची रुंदी पुरते का तेही कळतं. सीट चुकीची असेल तर कोणतीही शॉर्ट तुम्हाला वाचवणार नाही, हेही सांगून ठेवते. सीटचं नाक वर उचललेलं असेल तर आधी सपाट करून घ्या. ते पाना घेऊन दोन मिनिटांचं काम आहे.

घालून बघताना आरशासमोर उभं राहून ठरवू नका. उभं असताना कोणताही पॅड अवजड वाटतो. खुर्चीच्या कडेवर बसा, हँडल धरल्यासारखं वाका, पाय वर-खाली करा. कापड अंगाला चिकटून राहावं, कुठे चुणी नको. मांडीवरची पट्टी जागेवर राहावी पण वळ उठू नये. पाय मध्यमांडीपर्यंत यावा, नाहीतर मांड्या एकमेकींवर घासायच्या त्या घासतातच. कमरेची पट्टी रुंद आणि मऊ हवी. सिझेरियनचा व्रण असेल तर पट्टी त्याच्या वर किंवा खाली बसते की बरोबर त्याच्यावर, हे नीट बघा. बाळंतपणात खाली टाके पडले असतील त्यांनी, आणि पाळी गेल्यावर कोरडेपणाचा त्रास असलेल्यांनी, मधे खोलगट फट असलेली सीट वापरून बघावी. बधिरपणा फेरीनंतरही राहत असेल तर डॉक्टरीण बाईंकडे जावं. हे सांगायला लाजण्यासारखं काही नाही.

आतून दुसरी चड्डी घालायची नाही, हे ऐकून बायका दचकतात. मला कळतं ते. पण चड्डीची शिवण आणि पॅड यांच्यामधे कातडी सापडली की सगळा खर्च वाया. ही शॉर्टच आतला कपडा आहे, असं धरून चाला. पाळीत त्यावर सॅनिटरी पॅड टिकत नाही, गोळा होतो. कप वापरणाऱ्यांना सोपं जातं, बाकीच्यांनी ते दोन दिवस सायकलला सुट्टी द्यावी किंवा अंतर कमी ठेवावं.

जिला बाजारापर्यंत किंवा शाळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जायचंय आणि रुंद सीटची सायकल आहे, तिला यातलं काहीच नको. ज्या बाईला काही होत नाही तिच्या माथी नवीन खरेदी मारायची नाही. मी बोलते आहे ती तास-दीड तास बसणाऱ्या आणि दुखणं गिळणाऱ्या बायकांबद्दल.

राहिला तंग कपड्याचा प्रश्न. गाव बघतं, बोलतं, हे मी नाकारत नाही. पण ही शॉर्ट वर दिसायलाच हवी असं कुणी सांगितलं? आत घालायची पातळ, पॅडची शॉर्ट मुद्दाम वेगळी मिळते. तिच्यावर पंजाबी ड्रेस घाला, ट्रॅक पँट घाला, लांब कुर्ता घाला. आपल्या बायका काष्टा घालून शेतात वाकल्या, भांगलण केली, ऊस तोडला. कामाला सोयीचा कपडा घालणं या मातीत नवीन नाही. जिला नुसती शॉर्ट घालून जायचंय तिनेही जावं, तो तिचा प्रश्न. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून आतलाही कपडा नाकारायचा, हा लाजेचा प्रश्न राहत नाही. बाईच्या त्या अवयवांना आराम मिळावा ही कल्पनाच लोकांना पचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लाजेचं खरं नुकसान वाळत घालताना होतं. कितीतरी घरांत बायकांचे आतले कपडे साडीखाली, परकराखाली, नाहीतर मोरीतल्या दोरीवर सुकतात. पॅड जाड असतो, तो असा दोन दिवस ओला राहतो, आणि ओल्या पॅडवर दुसऱ्या दिवशी पुन्हा घाम. मग जांघेत नायटा येतो. मग मेडिकलमधून कुणालाही न विचारता स्टिरॉइडचं मलम आणलं जातं. त्याने खाज चार दिवस दबते आणि नंतर नायटा दुप्पट पसरतो. त्वचेचे डॉक्टर हे वर्षानुवर्षं सांगत आलेत. शॉर्ट घरी आल्याबरोबर काढायची, त्याच दिवशी साध्या साबणाने धुवायची, सुगंधी कंडिशनर घालायचा नाही कारण त्याने कापडाची घाम सोडायची ताकद जाते. आणि उलटी करून, पॅड वर ठेवून, अंगणातल्या दोरीवर उन्हात टाकायची, सगळ्यांच्या कपड्यांबरोबर. पावसाळ्यात वाळत नाही म्हणून दोन हव्यात.

दोन म्हटलं की पैशाचा विषय निघतो. साधी, चांगली शॉर्ट हजाराच्या आसपास मिळते आणि नीट वापरली तर वर्ष-दोन वर्षं जाते. ज्या घरात गिअरच्या सायकलला दहा-पंधरा हजार मोजले जातात, तिथे ही रक्कम जड होत नाही. जड होतं ते मागणं. म्हणून बायकांनी एकेकटीने मागण्यापेक्षा चौघींनी मिळून बारामतीच्या दुकानात जावं, लेडीज मापं मागावीत, घालून बघायला जागा आणि काउंटरवर बोलायला बाई मागावी. चार गिऱ्हाइकं एकदम आली की पुढच्या खेपेला तो माल दुकानात असतो. बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांनंतर दहा मिनिटं हा विषय काढा. कुणाला दुखतं, कुठे दुखतं, कुणी काय केलं. पहिली बोलली की बाकीच्या बोलतात.